सात मीटरवरून दिसणारी टॅक्सी

बुधवार, रात्र

सकाळपासून पाऊस लागून आहे. खोलीतला आर्द्रतामापक ८८ दाखवतोय, म्हणजे आज रंगाच्या बाटलीला हात लावायचा नाही. दमट हवेत एनसी लॅकर, म्हणजे थिनरने पातळ करून मारायचा झटपट वाळणारा रंग, फवारला की थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्या ओल्या थरावर धरतं. काळ्या रंगावर दुधाळ झाक येते. गॅरेजमधले पेंटर याला ‘रंग पांढरा पडला’ म्हणतात आणि पावसाळ्यात थिनरमध्ये रिटार्डर टाकतात, म्हणजे थिनर सावकाश उडतो. मोठ्या गाडीला ते चालतं. माझी गाडी मॉडेल आहे, लांबी सोळा सेंटीमीटरच्या आसपास. तिच्यावर सावकाश वाळणारा रंग कडांवरून मागे सरकतो आणि दारांच्या फटींत जाऊन साचतो. तेव्हा थांबणं आलं.

टेबलावर प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईची काळी-पिवळी, १/२४ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी. तामिया या मॉडेलची किट बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या यादीत पोर्शे, फेरारी, स्कायलाइन हव्या तेवढ्या आहेत, इटलीची छोटी फियाट ५०० सुद्धा आहे. पद्मिनीचं किट मात्र मला कधी मिळालं नाही. पुण्याच्या एका मित्राने काँप्युटरवर तिचं कवच काढलं आणि थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापून पाठवलं. बाकी सगळं आपलं आपण. रेझिन असल्यामुळे किटचा नेहमीचा सिमेंट इथे कामाचा नाही. तो सिमेंट किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवून दोन भाग एकजीव करतो. रेझिन त्यात विरघळतच नाही. इथे फेविक्विक.

आज आतल्या छताचं काम काढलं. टॅक्सीत मागच्या सीटवर बसून वर पाहिलेल्या माणसाला ते छत आठवत असेल: मोठाल्या फुलांचं, भडक नक्षीचं रेक्झिन, कडेला पट्टी मारून ताणून बसवलेलं. तळहाताएवढ्या फुलाला २४ ने भागलं की साडेतीन-चार मिलिमीटर उरतात. तेवढं छापून पाहिलं तर खिडकीतून नुसते ठिपके दिसतात. फूल दुपटीने मोठं केलं, पाकळ्या कमी केल्या, लाल जरा उजळ घेतला. आता ते फुलांचं रेक्झिन दिसतं.

शुक्रवार

या छंदात नवीन आलेल्या माणसाला वाटतं की माप घ्यायचं, भागायचं आणि कापायचं. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. २४ ने भागलं की ९७.५. इथपर्यंत भागाकार अगदी खरा, आणि इथे चूक चालतही नाही. हे अंतर दोन मिलिमीटरने हललं तरी कुणालाही गाडी चुकलेली वाटते, काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी.

पण त्यापुढे भागाकार हात वर करतो. कवचाची जाडी १ मिलिमीटर आहे. परत २४ ने गुणा, म्हणजे २४ मिलिमीटरचा पत्रा झाला, रणगाड्याला शोभेल असा. खऱ्या पत्र्याएवढं पातळ करायचं तर ०.०४ मिलिमीटर पाहिजे, आणि असं कवच बोटाने उचलताच चुरगळेल. मग करायचं काय? नजर जिथे जाडी मोजते तिथेच फक्त ती काढून टाकायची: चाकांच्या कमानी, खिडक्यांच्या कडा, बंपरखालची पट्टी. आतल्या बाजूने कानस मारून कड धारेसारखी निमुळती करायची. बाहेरून पाहणारा कड पाहतो आणि सगळा पत्रा तेवढाच पातळ आहे असं धरून चालतो.

रंगाचंही तेच. प्रायमर, रंग आणि वरचं क्लिअर मिळून ०.१ मिलिमीटरचा थर झाला, तर खऱ्या गाडीवर तो २.४ मिलिमीटर भरेल. पुट्टी मारल्यासारखी दिसेल गाडी. म्हणून दारांच्या फटी रंगाआधीच खोल कोरून घ्यायच्या, नाहीतर त्या बुजतात. आज सगळी संध्याकाळ यातच गेली. स्क्राइबर, म्हणजे रेघ कोरायचं टोकदार हत्यार, टेकवून, जोर न देता, एकाच दिशेने ओढत राहायचं. प्रत्येक ओढीला केसासारखा रेझिनचा तंतू वर येतो. जोर दिला की टोक भरकटतं आणि दारावर ओरखडा उठतो.

आणि अंतर. याचा विचार फार कमी जण करतात याचं मला वाईट वाटतं. मॉडेल आपण साधारण ३० सेंटीमीटरवरून पाहतो. २४ पट केलं की ७ मीटर २० सेंटीमीटर. म्हणजे टेबलावरची गाडी पाहणं हे रस्त्याच्या या फुटपाथवरून पलीकडे उभी असलेली टॅक्सी पाहण्यासारखं आहे. तिथून जाळीची प्रत्येक रेघ दिसत नाही, जाळीचा पोत दिसतो. काळा रंग डबीतल्याएवढा गडद दिसत नाही, जरा फिकट वाटतो. म्हणून काळ्यात पांढऱ्याचे चार-दोन थेंब टाकायचे. काही जणांना हे पटत नाही, खरी गाडी ज्या डब्यातून रंगली तोच रंग हवा म्हणतात. त्यांच्या गाड्या मला खेळण्यासारख्या वाटतात, कितीही नेमक्या असल्या तरी. माझं मत पक्कं आहे: सात मीटरवरून जे दिसतं ते बनवायचं.

१/२४ हे माप आलं कुठून? अर्ध्या इंचाला एक फूट, इतका साधा हिशोब. १/४३ सुद्धा असाच विचित्र वाटतो, पण तो ओ गेज या मॉडेल रेल्वेच्या मापातून आला, ७ मिलिमीटरला एक फूट. इंच-फूट गेले, पण माझ्या टेबलावर अजून नांदतायत.

रविवार, दुपार

आमच्या इमारतीतले काका पस्तीसेक वर्षं पद्मिनी चालवत होते. साताऱ्याकडचे. गाडी केव्हाच भंगारात गेली, पण जुनं मीटर त्यांनी माळ्यावर ठेवलंय हे मला कालच कळलं. आज वर गेले. काकूंनी चहा टाकला, काकांनी स्टूल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मीटर काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. चांगलंच जड निघालं.

यांत्रिक मीटर, बाहेर डाव्या अंगाला, काचेच्या पुढे बसायचं. त्याचा झेंडा वर असला की गाडी रिकामी. गिऱ्हाईक बसलं की खाली पाडायचा. ‘मीटर टाक’ आपण म्हणतो ते तिथलं. आत आकडे फिरायचे ते जुन्या दराचे, म्हणून ड्रायव्हरजवळ टेरिफ कार्ड असायचं. मीटरचा आकडा कार्डावर शोधायचा आणि समोरचं भाडं द्यायचं. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि कार्डाचं काम संपलं.

मी उंची, रुंदी, खोली टिपून घेतली. मग झेंडा पाहिला. बाकी सगळ्या मीटरवर गंज आणि जुन्या रंगाचे पापुद्रे, पण झेंड्याची दांडी मात्र बोटं लागून लागून गुळगुळीत, पितळेसारखी पिवळट. हे कुठल्याही फोटोत मला सापडलं नसतं. माझ्या मीटरवर दांडीच्या टोकाला पितळी रंगाचा एक ठिपका येणार.

काकांनी कवच हातात घेऊन फिरवून पाहिलं. मागचे छोटे पंख, त्यातले उभे दिवे, यावर अंगठा फिरवला. मग विचारलं, “पोरी, कुठल्या सालची करतेस?”

प्रश्न बरोबर होता. काळी-पिवळी अशी एक गाडी नव्हतीच. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून बनवली. पद्मिनी हे नाव १९७४ चं. इंजिन तेच, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि डिकीत सिलिंडर येऊन बसला, सामानाची जागा गेली आणि वरच्या कॅरियरचं महत्त्व वाढलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर कागदोपत्री एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही.

साल ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं. मी १९९८ धरलंय. म्हणजे यांत्रिक मीटर, डिकीत सिलिंडर नाही, आणि नंबरप्लेट पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची. टॅक्सीची पिवळी पाटी नंतर आली. काका म्हणाले, “मग झेंडा वर ठेव. उभी गाडी आहे ना?” झेंडा वर.

आणखी एक गोष्ट ते म्हणाले, ती मी उतरल्या उतरल्या लिहून काढली. “टॅक्सीला शोरूमची चमक नसते. पण सकाळी फडका मारल्याशिवाय मी गाडी काढली नाही कधी. फडका कुठवर जातो? बॉनेट, दारं, काचा. खाली कोण वाकतंय रोज?”

सोमवार

ऑफिसातून यायला उशीर. तरी कॅरियर डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडून घेतला. खऱ्या कॅरियरची दांडी १२ मिलिमीटरची धरली तर मला अर्ध्या मिलिमीटरची तार हवी, ती तांब्याची मिळाली. फेविक्विकने जोडलेल्या सांध्याला फुगवटा येतो, डाग दिलेला सांधा कानशीने साफ करता येतो. एक आडवी दांडी किंचित वाकलेली ठेवली. तिच्यावर किती होल्डॉल बांधले गेले असतील.

शनिवार

दोन दिवस उघडीप. एसी ड्राय मोडवर लावून दारं-खिडक्या बंद केल्या. आकडा ५४ पर्यंत उतरला आणि कॉम्प्रेसर चालू केला.

पिवळा आधी. फिकट रंग आधी, गडद नंतर, हा नियम मोडायचं कारण नाही, कारण काळा पिवळ्याला सहज झाकतो, उलट होत नाही. पिवळ्याखाली पांढरं प्रायमर. करड्यावर तो हिरवट मारतो. रंग मी आमच्या नाक्यावरच्या ऑटो पेंटच्या दुकानातून आणते. ‘टॅक्सीचा पिवळा’ म्हटलं की तिथे शेड कार्ड उघडावं लागत नाही, अजूनही.

पिवळा सुकल्यावर छताच्या कडेने मास्किंग टेप. टेपची कड नखाने दाबून त्यावर परत पिवळ्याचाच एक विरळ हात. टेपखाली कुठे फट राहिली असेल तर ती पिवळ्याने भरते, आणि काळा आत शिरायला जागा उरत नाही. मग काळा. पातळ, चार हातांत, मधे वाळू देत. टेप मी रंग पुरता कडक व्हायच्या आत काढते, कवचावरच दुमडून, मागे ओढत. रेघ साफ निघाली. छताच्या कडेच्या पन्हळीवरून, दाराच्या वर, मागच्या काचेला वळसा घालून. ती पाहत मी बराच वेळ बसले होते.

चमकेचं काम उद्या, काकांच्या फडक्याप्रमाणे. बॉनेट, दारांचा वरचा अर्धा भाग आणि डिकी २००० नंबरच्या बारीक वॉटर पेपरने घासून कंपाउंडने चकचकीत करायची. दारांच्या खालच्या भागाला सॅटिन वार्निश, चाकांच्या मागे मॅट, त्यावर पेस्टलची भुकटी, करडी-तपकिरी, मुंबईच्या धुळीची. काळ्या गाडीचा आकार तिच्या प्रतिबिंबातच दिसतो, त्यामुळे चमक कुठे संपते यावर दाराचा बाक सुद्धा वेगळा दिसतो. काकांचा फडका ज्या उंचीवर थांबायचा, त्या उंचीवर माझी चमक संपेल.

क्रोमच्या पट्ट्यांना बेअर मेटल फॉइल, म्हणजे चिकटवायचा अगदी पातळ धातूचा कागद. तुकडा कापून खिडकीच्या पट्टीवर ठेवायचा, कापसाच्या काडीने दाबत न्यायचा, मग टूथपिकचं टोक खोबणीत फिरवायचं. फॉइल इतकी पातळ की खालचा रंगाचा कण सुद्धा वर उमटतो. नवं ब्लेड, नुसत्या वजनाने कापायचं, उरलेली कड चिमट्याने उचलायची. एका पट्टीनंतर ब्लेडचं टोक बदलते. बोथट टोक फॉइल फाडतं.

पुण्याच्या मित्राचा निरोप आलाय, त्याला फाईल सुधारून इतरांना द्यायची आहे. मी बदल कळवले: चाकांच्या कमानी आतून ०.३ पर्यंत निमुळत्या, दारांच्या फटी ०.२ ऐवजी ०.३ आणि खोल, कारण रंग बसल्यावर तेवढ्याच उरतात. दारांची हँडलं हिशोबापेक्षा किंचित जाड, नाहीतर सात मीटरवरून ती दिसत नाहीत. मीटर वेगळा भाग म्हणून, झेंडा सुटा, म्हणजे ज्याला गिऱ्हाईक बसवायचंय त्याला खाली लावता येईल. चाकांमधलं अंतर ९७.५, त्याला हात लावायचा नाही.