वासी उत्तरायणाची घार

बडोद्यात आम्हा पशुवैद्यांना १४ जानेवारीपेक्षा १५ तारीख, वासी उत्तरायण म्हणजे संक्रांतीचा शिळा दिवस, जास्त जड जाते. पतंग आदल्या दिवशीइतकेच चढतात, शिवाय झाडांत आणि तारांवर कालचा मांजा लोंबत असतोच. जखमी पक्ष्यांसाठीच्या गुजरात सरकारच्या करुणा अभियानातल्या एका उपचार केंद्रावर माझी ड्यूटी होती.

सकाळपासून पारवेच येत होते. दुपारी दांडिया बाजारातले एक आजोबा नातवाला घेऊन आले. हातात भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत घार.

"अगाशीवर पडली होती. पोरं पाणी पाजायला निघाली, मी पाजू दिलं नाही."

मी त्यांना हातच जोडले. धक्क्यातल्या पक्ष्याच्या चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि जखम किरकोळ असूनही तो दगावतो. अंधाऱ्या खोक्यात मात्र शांत राहतो.

डोक्यावर फडकं टाकून पंजे धरले. डाव्या पंखाची खांद्यापासून मनगटापर्यंतची पुढची कड चिरली होती. तिथे पिसांखाली चामडीचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या काठातून कंडरा, म्हणजे स्नायूची चिवट दोरी, जाते. ती तुटली की हाडं शाबूत असूनही पंख नीट ताणला जात नाही. मांजा जखमेतच रुतलेला. नायलॉनचा, २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं देशभर बंदी घातलेला. असा मांजा ओढायचा नसतो, ओढला की करवतीसारखा आणखी कापत जातो. कात्रीनं तुकडे करत काढला. दंडाचं हाड चाचपलं. ते पोकळ असतं आणि आतल्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं. मोडून उघडं पडलं असतं, तर जखम धुण्याचीही भीती, पाणी थेट त्या पिशव्यांत जातं. सुदैवानं मोडलं नव्हतं. कंडराही थोडी उरली होती. भूल देऊन टाके घातले.

"डॉक्टरताई, आमच्याच मांज्यानं कापली का?" नातवानं विचारलं.

"तुमच्याच असं नाही सांगता येणार. पण कुणाच्या तरी पतंगाच्याच."

त्याला खोटं सांगवेना. जानेवारीत घारी घरटी बांधायला लागतात, काड्यांबरोबर आपल्याच चिंध्या वेचून नेतात. शहरात त्या आपल्या उष्ट्या-खरकट्यावर जगतात, आणि आपण त्यांच्या वाटेत नायलॉन ताणून ठेवतो. याचा मला दरवर्षी संताप येतो.

घार वनविभागाच्या केंद्रात पाठवली. मोठ्या पिंजऱ्यात पूर्ण पंख ताणून उडेपर्यंत सोडायची नाही असं ठरलं, कारण अर्धवट पंखाची घार बाहेर उपाशी मरते. मार्चमध्ये सोडली, तेव्हा आजोबांना फोन केला. फोन नातवानं उचलला आणि डावा पंख पुरता उघडतो ना, हे दोनदा विचारून घेतलं.