ताईंना कांदा चालत नाही

कीर्तनांच्या दौऱ्यावर अमेरिकेत गेले, न्यूजर्सीत एडिसनला उतरले त्या रात्री जेवायला मुगाची खिचडी होती. दुसऱ्या घरी मुगाची खिचडी आणि कढी. तिसऱ्या घरी दुधी. चौथ्या घरी दुधीच, पण दह्यातला. पाचव्या घरी यजमानीणबाईंनी फ्रिज उघडला तेव्हा कोथिंबिरीमागे दडवलेली कांद्याच्या पातीची जुडी मला स्वच्छ दिसली. मी काही बोलले नाही. वाटलं, इकडे आपली माणसं साधंच जेवत असतील.

उलगडा झाला तो तिसऱ्या आठवड्यात. दौऱ्याचं सगळं बघणाऱ्या मुलाने (मुलगा म्हणजे पंचेचाळिशीचा, पण माझा विद्यार्थी, त्यामुळे मुलगाच) एक तक्ता करून सगळ्या यजमानांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्यात 'पथ्य' असा रकाना. कांदा-लसूण नाही, चहा नाही, रात्री हलकं. "अरे, हे तुला कुणी सांगितलं?" म्हटलं. तर म्हणे, "कुणी नाही ताई. कीर्तनकार म्हटल्यावर मी धरूनच चाललो."

आता माझी गोष्ट अशी, की पहाटे साडेपाचला दोन कप चहा पोटात गेल्याशिवाय मी देवासमोरसुद्धा बसत नाही. आणि कांदाभजी हा तर माझा धर्मच आहे. शाळेत संस्कृत शिकवायचे तेव्हा आणि निवृत्तीनंतर पूर्णवेळ कीर्तनाला उभी राहू लागले तेव्हाही, कार्यक्रम संपला की कुणीतरी गरम भजी पुढे करायचं आणि मी खायचे. अमेरिकेत मात्र तीन आठवडे तुळशीचा काढा पिऊन डोकं धरून बसले होते. सगळ्यांना वाटायचं, ताईंना जेटलॅग झालाय.

गंमत म्हणजे ही फजिती मी कीर्तनात तीस वर्षं सांगत आले आहे, दुसऱ्याची म्हणून. उत्तररंगाला, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागाला, माझं ठरलेलं आख्यान विवेकानंदांचं. १८९२ मध्ये स्वामी बेळगावला भाटे वकिलांकडे उतरले होते. जेवणानंतर त्यांनी पानसुपारी मागितली, मग तंबाखूही मागितली. घरातली माणसं चकित झाली. संन्याशाला तंबाखू? त्याच वर्षी ते पुण्यातही येऊन गेले. मुंबईहून येताना आगगाडीत टिळकांची गाठ पडली आणि स्वामी आठ-दहा दिवस टिळकांच्या घरी, विंचूरकर वाड्यात राहिले. माझ्या घरापासून तो वाडा चालत दहा मिनिटं. जवळ दमडी नाही, एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रं आणि कमंडलू. नाव विचारलं तर म्हणायचे, संन्यासी.

पण आख्यानात हे सगळं मी पळतच उरकायचे. खरी तयारी पुढची. शिकागोची सर्वधर्मपरिषद, ११ सप्टेंबर १८९३, बंधुभगिनींनो, टाळ्यांचा कडकडाट. तिथे तबलजी लग्गी, म्हणजे जलद ठेका, धरायचा, मी झांज वाजवत गिरकी घ्यायचे, मागच्या रांगेतल्या आजोबांची झोप उडायची. हमखास रंगणारी जागा.

तर यंदा मे-जूनमध्ये पाच आठवडे मी स्वतःच लोकांच्या घरी उतरत हिंडत होते. अकरा घरं, नऊ कीर्तनं.

तिथली कीर्तनं बहुतेक बेसमेंटमध्ये होतात. एका बाजूला टेबल टेनिसचं टेबल दुमडून भिंतीला लावलेलं, दुसऱ्या बाजूला ट्रेडमिल, त्यावर हार आणि नारळ ठेवलेले. फरशी गारठलेली. नऊवारीच्या आत लोकरीचे मोजे घालून मी उभी राहिले, त्याची मला काही लाज नाही. पेटीला एक दंतवैद्य, तबल्याला कॉलेजातला एकोणीस वर्षांचा पोरगा. हा पोरगा तिथेच जन्मलेला, मराठी अडखळत बोलणारा, पण ठेका असा धरायचा की पूर्वरंगात मला दोनदा वाटलं, तासभर निरूपण बाजूला ठेवावं आणि नुसतं नामच घ्यावं. मध्यंतरात बुक्का लावायला मुलं रांगेने येऊन कपाळ पुढे करायची. हा बुक्का पुण्याहून नेलेला. काळी पूड, प्लास्टिकच्या डबीत. एका विमानतळावर त्या डबीसाठी पंचवीस मिनिटं थांबवून ठेवलं होतं. झांजा आधी, मग डबी. कपाळाला लावून दाखवला तेव्हा सोडलं.

देवघरं फार पाहिली. एका घरी देव कपड्यांच्या कपाटात होते. मोठं कपाट, आत माणूस उभा राहील एवढं. हँगरच्या दांडीला समई टांगायची सोय नाही म्हणून बॅटरीवरचा दिवा. खालच्या फळीवर तांब्याच्या ताम्हनात बाळकृष्ण, आणि कोपऱ्यात अजूनही एक सूट लटकत होता, तो काढायचा राहिलेला. घरची सून संकोचून म्हणाली, "ताई, भाड्याचं घर आहे, दुसरीकडे जागाच नाही." मी म्हटलं, माझ्या आईच्या माहेरी देव फडताळात होते, त्याच फळीवर लोणच्याच्या बरण्या असायच्या. हे खरं होतं, तिच्या समाधानासाठी रचलेलं नव्हतं.

आणि आरतीच्या आधीचा एक विधी सगळ्या घरांत सारखा. घरातला उंच मुलगा स्टुलावर चढतो आणि छताला लावलेल्या, धूर झाला की वाजणाऱ्या भोंग्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवतो. मग निरांजन, मग कापूर. एका घरी टोपी विसरले आणि ऐन 'घालीन लोटांगण'ला तो भोंगा असा कोकलला की सगळ्यांनी खरोखरच लोटांगण घातल्यासारखं झालं.

न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगच्या गणपतीला गेलो. १९७७ साली प्राणप्रतिष्ठा झालेलं देऊळ, दाक्षिणात्य पद्धतीचं, तळघरात कँटीन आणि डोशाला ही रांग. पण माझ्या मनात राहिला तो तिथला रस्ता. बाउन स्ट्रीट. ज्याच्यावरून नाव पडलं तो जॉन बाउन सतराव्या शतकातला. तेव्हा तिथे डच अंमल होता, आणि क्वेकर पंथाच्या लोकांना एकत्र जमून प्रार्थना करायला बंदी होती. याने स्वतःच्या घरात त्यांना बसू दिलं. १६६२ मध्ये त्याला धरलं, दंड भरेना म्हणून हद्दपार करून समुद्रापार हॉलंडला पाठवलं. तिथे डच वेस्ट इंडिया कंपनीने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि तो परत आला. त्याचं घर अजून त्याच रस्त्यावर उभं आहे, आणि पुढे त्याच रस्त्यावर आपला गणपती. २०२२ पासून देवळापुढच्या भागाला गणेश टेंपल स्ट्रीट असंही नाव दिलंय. मी त्या घरासमोर उभी राहिले. लाकडी, जुनं, उतरत्या छपराचं. सोबतचे लोक म्हणाले, "ताई, डोसा गार होईल." गेले मग.

एडिसनहून पिट्सबर्ग गाडीने साडेपाच-सहा तास. पेनसिल्व्हेनियात तो रस्ता डोंगरातून जातो, मधे बोगदे आहेत. एव्हाना मला एक कळून चुकलं होतं. घरात, देवळात लोक मला काही विचारत नाहीत. नमस्कार करतात, फोटो काढतात. विचारतात ते गाडीत, कारण तिथे डोळे रस्त्याकडे असतात. मुलगी बोलत नाही, नवऱ्याची नोकरी गेली आणि घरी सांगितलेलं नाही, सासूबाईंना परत पाठवायचं की ठेवून घ्यायचं. मी आपली सीटबेल्ट आवळून ऐकते. उत्तरं फार थोडी सुचतात.

त्या दिवशी गाडी चालवणारा साधारण पन्नाशीचा. दोन तास हवापाणी, राजकारण झालं. एका बोगद्यात शिरलो तसा म्हणाला, "ताई, आई गेली तेव्हा कोविड होता. जाता आलं नाही. भावाने सगळं केलं, मी झूमवर होतो. तेराव्यालाही झूमवरच. ते पोचलं असेल का?"

बोगदा संपला. बाहेर लख्ख ऊन. शास्त्रात काय सांगितलंय ते मला सांगता आलं असतं, पण तोंडातून निघालं, "तू काय केलंस त्या दिवशी?"

"भात केला. भाऊ इथे असता तर कसा करेल, तसा. मागच्या डेकवर पान ठेवलं. कावळे आहेत आमच्याकडे, पण एक येईना. अर्धा तास थांबलो. मग खार आली आणि खाऊन गेली. बायकोला सांगितलंच नाही मी. खारीने नेला म्हणजे काय समजायचं?"

"अरे, खार तर रामाची," मी म्हटलं.

तो हसला. मग बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही. एका ठिकाणी पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा उतरून आत गेला आणि दोन कागदी कप घेऊन आला. "ताई, तुम्हाला चालत नाही ते माहीत आहे. पण हा नुसता चहा आहे, दूध-साखर वेगळी आणलीय. अगदीच नको असेल तर मी दोन्ही पितो." मी त्याच्या हातातून कप जवळजवळ ओढूनच घेतला. तिथे मला तो तक्ता आणि त्यातला पथ्याचा रकाना कळला. त्याने फोनमध्ये उघडून दाखवला. मी त्या विद्यार्थ्याला फोन केला, खरडपट्टी काढली, पण तक्ता अकरा घरी पोचलेला होता, आणि व्हॉट्सॲपवर गेलेलं परत येत नाही.

पिट्सबर्गचं वेंकटेश्वराचं देऊळ टेकडीवर आहे, १९७६ चं. पांढरंशुभ्र गोपुर, मागे हिरवीगार झाडी. दर्शन छान झालं, चिंचेचा भात त्याहून छान. बाकी तिथलं विशेष सांगण्यासारखं काही नाही, मी दमले होते.

शिकागोला तीन दिवस. तिथलं महाराष्ट्र मंडळ जुनं, १९६९ चं, माणसं मुरलेली. पहिल्याच सकाळी मला मिशिगन ॲव्हेन्यूवर नेलं. आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत, बाहेर ब्राँझचे दोन सिंह, आणि रस्त्यावर तपकिरी पाटी, 'स्वामी विवेकानंद वे'. जिथे ते भाषण झालं ती जागा हीच. तीस वर्षं ज्या क्षणावर मी गिरकी घेत आले, तिथे उभं राहून मला भरून यायला हवं होतं. आलं नाही. शाळेची सहल आली होती, पोरं सिंहाच्या शेपटीशी फोटो काढत होती. मी म्हटलं, मला डिअरबॉर्न रस्त्यावर न्या.

सोबतच्यांना कळेना. ते आख्यानातलं मी पळत उरकायचे तेच. परिषदेच्या आदल्या दिवसांत स्वामी शिकागोला परत आले तेव्हा पत्ता हरवलेला होता. रात्र रेल्वेच्या यार्डात काढली. सकाळी श्रीमंत वस्तीत दारोदार गेले, मळलेले कपडे बघून नोकरांनी दारं लावून घेतली. थकून रस्त्याच्या कडेला बसले. समोरच्या घराचं दार उघडलं, एक बाई रस्ता ओलांडून आल्या आणि विचारलं, तुम्ही धर्मपरिषदेचे प्रतिनिधी का? त्या मिसेस हेल, घर डिअरबॉर्नवर. घरात नेलं, न्हाऊ-खाऊ घातलं, परिषदेच्या कचेरीत पोचवलं. पुढे अमेरिकेत ते घर त्यांचं हक्काचं झालं. त्याच्या आधी मॅसॅच्युसेट्समध्ये एका बाईंनी ठेवून घेतलं होतं, तेव्हा स्वामींनी मद्रासला आपल्या शिष्याला, अलासिंगांना लिहिलंय की माझा राहण्याचा खर्च वाचतो आणि या बाईंना मैत्रिणी बोलावून हिंदुस्थानातली एक अजब वस्तू दाखवता येते. हे वाक्य मी याआधी वाचलं होतं, पण माझ्या नऊवारीकडे बघायला शेजारच्या तिघीजणी केक घेऊन आल्या, त्या दुपारी मला ते खरं कळलं.

डिअरबॉर्नवरून दोनदा गाडी नेली. घर शोधायचं नव्हतंच, रस्त्याची रुंदी बघायची होती. त्या बाई किती पावलं चालत आल्या असतील, एवढंच.

त्या रात्रीच्या कीर्तनात भाषण दोन मिनिटांत आटोपलं. गिरकी घेतली नाही. दार उघडण्यावर, रस्ता ओलांडण्यावर थांबले, तिथेच बराच वेळ. रंगलं का, सांगता येत नाही. टाळ्या कमी पडल्या हे नक्की. तबलजी पोरगा शिकागोलाही आला होता. लग्गीची तयारी करून बसलेला, ती वाया गेली म्हणून थोडा खट्टू झाला. एक आजीबाई मात्र आरतीनंतर हात धरून म्हणाल्या, "आम्ही ६८ साली आलो. आम्हालासुद्धा एका बाईने असंच आत घेतलं होतं. चर्चची होती. नावही आठवत नाही आता." मग त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं आणि मुगाची खिचडी केली.

परतीचं विमान रात्रीचं होतं, नेवार्कहून. पुन्हा एडिसनचं ते पहिलं घर. बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या. चार वाजता पाऊस सुरू झाला. यजमानीणबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, ओट्याशी पाठ करून काहीतरी चिरत होत्या, आणि डोळ्याला पदर लावत होत्या. मला वाटलं, निघतेय म्हणून वाईट वाटतंय. जवळ गेले तर परातभर कांदा उभा चिरलेला, बेसनाचा डबा उघडा.

"अहो ताई, लाजता कशाला. आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडे तोंड करून मुलाला हाक मारली, "खाली ये रे, टोपी घेऊन ये. तेल तापतंय."