बाबांना दिसलेला ताल

जुलैत चार दिवस झड लागली होती. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आमचं जुनं घर, भिंतींना ओल आलेली, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेईनात. पुढच्या खोलीत बाबा टीव्हीसमोर बसले होते. त्यांच्यासाठी मी जोडलेल्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच एक सिनेमा सुरुवातीपासून चालू होता. पाऊण तास झाला असेल. बाबा म्हणाले, "कॅमेरा फिरतोय तवा चित्र अडकतंय बघ."

मी बघितलं. मला काहीच दिसलं नाही. "डिस्क जुनी हाय, त्यामुळं असंल."

"डिस्कचं न्हाई हे. एका तालात अडकतंय. ताल हाय म्हंजे मशीनचा दोष."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडेही हेच बघतात: खोट कुठेही, कशीही येत असेल तर शोध वेगळा, आणि ठरावीक अंतरानं येत असेल तर वेगळा.

बाबा एकतीस वर्षं थिएटरात ऑपरेटर होते. कार्बनच्या दिव्यांच्या काळात लागले, झेनॉनचे दिवे आले तेव्हाही तिथंच होते, आणि थिएटर बंद झालं त्या दिवशी दोन्ही मशीनवर कापड त्यांनीच घातलं. आता गुडघ्यांमुळं अंधारातल्या पायऱ्या त्यांना जमत नाहीत. घरात ४३ इंची टीव्ही आहे, पण बाबांचे सिनेमे एका पत्र्याच्या पेटीत आहेत. व्हीसीडी, डीव्हीडी, भाच्यांनी भरून दिलेले पेनड्राइव्ह. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की काही फाइलींचं चित्र येतं पण आवाज येत नाही, काही फाइली उघडतच नाहीत. म्हणून ठरवलं, टीव्हीला जोडायला एक कॉम्प्युटर उभा करायचा. त्यातून बाबांना हवं ते लागलं पाहिजे, आणि त्यांना स्क्रीनवर फक्त सिनेमांची नावं दिसली पाहिजेत.

सुरुवात कंपनीत मोडीत निघालेल्या डेस्कटॉपवर केली. चौथ्या पिढीचा आय-५. आणल्या दिवशी चालूच होईना, नुसते बीप. रॅम काढली, सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवला, परत दाबून बसवली, चालू झाला. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे करावंच लागतं.

त्याची खरी अडचण वेगळी होती. हल्लीच्या पुष्कळ फाइली एचईव्हीसी ह्या, व्हिडिओ जास्त दाबून साठवायच्या प्रकारात असतात, त्यातही १० बिटच्या. त्या उलगडायचं काम ग्राफिक्स चिपमध्ये इंटेलनं नीट दिलं ते सातव्या पिढीपासून. त्याआधीच्या मशीनवर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ८४ वॅटचा तो प्रोसेसर पूर्ण ताकदीनं राबायला लागला की पंखा असा घोंघावायचा की हळू आवाजातले संवाद ऐकूच यायचे नाहीत. बाबांनी दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, आमच्या केबिनला भिंत होती, भोकांना काचा होत्या, दोन्ही मशीनची घरघर आत राहायची. मशीनचा आवाज पब्लिकमध्ये येता कामा नये.

मग त्या डेस्कटॉपचा नाद सोडला आणि नवीन जोडायला घेतला. राजारामपुरीतल्या दुकानातून इंटेल एन-१०० प्रोसेसर बसवलेला, पंखा नसलेला छोटा मदरबोर्ड मागवून घेतला. हा प्रोसेसर २०२३ चा, ६ वॅटचा, आणि एचईव्हीसी १० बिटच काय, त्याहून नवा एव्ही-१ प्रकारसुद्धा हार्डवेअरमध्ये उलगडतो. मी घेतलेला बोर्ड लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, म्हणजे एसएमपीएसचा, वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखाही गेला. ८ जीबी रॅम, एक एसएसडी, एक छोटा कॅबिनेट. मी जमिनीवर सतरंजी पसरून बसले होते, बाबा खुर्चीत टॉर्च धरून. स्क्रू लावताना ते म्हणाले, "बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात हातानं कॅमेरा बनिवला. तू कॉम्प्युटर बनीव." सुटे भाग जोडण्याची आणि त्या कामाची बरोबरी होत नाही, हे त्यांनाही कळतं. तरी त्यांना तसं म्हणावंसं वाटलं, आणि मला ते फार आवडलं.

पंखा नाही म्हणजे हवेची वाट आपण करून द्यायची. कॅबिनेट टीव्हीखालच्या कप्प्यात सरकवला तर तासाभरात तापमान ८० अंशांच्या पुढं गेलं. उद्यमनगरातून पितळी स्पेसर आणून तो खालून दोन इंच उचलला, कप्प्याची मागची फळी काढली, तर ६० च्या आसपास राहिलं. त्यावर लिब्रइलेक टाकलं. ही एवढीशी सिस्टिम चालू होते ती थेट कोडीतच, म्हणजे सिनेमे लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मध्ये दुसरं काही येत नाही.

आणि मग ते अडखळणं.

कोडीत सिनेमा चालू असताना आकड्यांचा एक फलक उघडता येतो. त्यात सुटलेल्या फ्रेम शून्य होत्या. प्रोसेसर निवांत होता. म्हणजे कॉम्प्युटर कुठंच मागं पडत नव्हता, तरी बाबांना अडखळ दिसत होती. त्या रात्री वहीत आकडे मांडले तेव्हा उलगडलं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. ६० ला २४ नं भागलं तर अडीच. अर्धी फ्रेम दाखवता येत नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा दिसते, पुढची तीनदा, मग परत दोनदा. माणूस उभा राहून बोलत असेल तर काही जाणवत नाही. कॅमेरा डोंगरावरून सावकाश फिरायला लागला की मात्र लांडी-लांब पावलं पडतात. हाच बाबांचा ताल.

सकाळी चहाच्या वेळी त्यांना सांगितलं. त्यांनी कपबशी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात वापरून मला मशीन समजावलं. माल्टीज क्रॉस नावाचा भाग फिल्म ओढतो, फ्रेम गेटमध्ये, म्हणजे उजेडासमोरच्या चौकटीत, थांबते, थांबलेली असतानाच उजेड पडायचा. शटरला दोन पाती, म्हणून एकेक फ्रेम दोनदा पडद्यावर. सेकंदाला २४ फ्रेम, ४८ झळका. "पन सगळ्या फ्रेमला सारख्याच. एकीला दोन आन दुसरीला तीन, असं आमी कवा केलं न्हाई."

म्हणजे टीव्हीलाच सिनेमाच्या चालीवर आणायचं. मी आधी हातानंच सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे २४ हर्ट्‌झ लावला. कॅमेरा फिरताना चित्र लोण्यासारखं सरकलं, आणि ह्या वेळी फरक मलाही दिसला. बाबा खूश झाले. दोन दिवसांनी मात्र कामावरून आले तर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं वेळा लिहून ठेवलेल्या. "मधनंच एकदा उचकी लागती. रोज न्हाई दिसत, कॅमेरा फिरत असला तरच."

वेळांची वजाबाकी केली. अंतरं आली ४२ सेकंद, ८४, १२५, परत ४१. सगळी बेचाळिसाच्या पटीत, एखाद्या सेकंदाच्या फरकानं. अंगावर काटा आला, कारण हा आकडा कागदावरही निघतो. फाइल बरोबर २४ ची नव्हतीच, २३.९७६ ची होती. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीची पद्धत ठरली तेव्हा सेकंदाच्या ३० चित्रांची २९.९७ करावी लागली, आणि त्याच प्रमाणात तिकडं २४ चे २३.९७६ होतात. तसली फाइल २४ वर लावली की साधारण ४१.७ सेकंदांनी एक फ्रेम कमी पडते आणि आधीचीच पुन्हा दाखवावी लागते. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, बाबांनी ती पकडली होती.

उपाय साधा होता. कोडीच्या प्लेअर सेटिंगमध्ये 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' आहे, ते चालू केलं. आता फाइल २३.९७६ ची असेल तर टीव्ही तेवढ्यावर जातो, २४ ची असेल तर २४ वर, २५ ची असेल तर ५० वर. बदलताना पडदा दोनएक सेकंद काळा होतो आणि सुरुवातीचा आवाज हुकतो. त्यासाठी थांबण्याचा वेळ द्यायची सोय कोडीतच आहे, मी तीन सेकंद दिले. टीव्ही कॉम्प्युटरला जोडून सिनेमे बघणाऱ्या प्रत्येकानं हे एक सेटिंग तरी बघावंच, अशी माझी कळकळीची विनंती आहे. महागडा टीव्ही घेऊन लोक वर्षानुवर्षं अडीचचा हिशोब बघत बसतात.

ओठ आणि आवाजाचं प्रकरण त्यानंतरचं. बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मी थेट कॉम्प्युटरच्या ऑडिओ जॅकला जोडला होता. चित्र टीव्हीतून जायचं, टीव्ही त्यावर स्वतःची प्रक्रिया करायला वेळ घ्यायचा, आवाज मात्र तडक स्पीकरला पोचायचा. बोलणं आधी, ओठ मागून. बाबांना हा दोष ओळखीचा होता. फिल्मच्या पट्टीवर आवाज चित्राच्या शेजारी नसतो, सुमारे वीस फ्रेम पुढं असतो, कारण गेट आणि आवाज वाचला जातो तो साउंड ड्रम मशीनमध्ये वेगवेगळ्या जागी आहेत. गेटखाली फिल्मचा लूप किती मोठा सोडायचा ह्यावर ओठ जुळणं अवलंबून. नवीन पोरगं लूप चुकवायचं आणि पहिल्या संवादालाच खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या.

टीव्हीतलं चित्र गुळगुळीत करणारं सेटिंग बंद केलं, गेम मोड लावला, तसा फरक बराच कमी झाला. उरलेला कोडीत आवाज मागं ओढून घालवायचा होता. मी नायिकेच्या ओठांकडं बघत होते. बाबा म्हणाले, "तोंडाकडं बघू नको, डबिंग असतंय, फसशील. दार आपटतंय कुठं ते बघ." तो प्रसंग आठ-दहा वेळा मागंपुढं केला. ७५ मिलिसेकंदांवर बाबांनी हात वर केला. तिथंच ठेवलंय.

वायरलेस कीबोर्डचा एक चकवा मात्र मी माझा मीच सोडवला, आणि त्याचा मला आनंद आहे. बाहेरची हार्ड डिस्क लावून सिनेमा चालू केला की कीबोर्ड बहिरा व्हायचा. बटण चारदा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. सेल बदलले, उपयोग नाही. डिस्क काढली की सगळं ठीक. यूएसबी ३.० च्या वायरीतून डेटा जाताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट तयार होतो. इंटेलनंच २०१२ साली त्यावर एक टिपण काढलं होतं. कीबोर्डही त्याच लहरींवर बोलतो, आणि त्याचा रिसीव्हर डिस्कला अगदी चिकटून होता. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टीव्हीच्या बाजूला आणला, काम झालं.

एक दुखणं मात्र कॉम्प्युटरचं नाहीच. पेटीतल्या व्हीसीडी २५ फ्रेमच्या आहेत. सिनेमा २४ चा, सीडीवर २५ नं धावतो, म्हणजे चार टक्के घाई. सव्वादोन तासांचा सिनेमा पाचएक मिनिटं लवकर संपतो आणि आवाजही अर्ध्या सुराहून थोडा कमी, पण कळण्याइतका वर चढतो. एक गाणं लागलं तेव्हा बाबा म्हणाले, "पट्टी चढली." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते गाणं त्यांनी सलग अकरा आठवडे, रोज तीन खेळ, केबिनमधल्या छोट्या स्पीकरवर ऐकलं होतं. मग एका व्हीसीडीची फाइल करून मी ती पुन्हा २४ वर आणली, आवाजासकट. एका डिस्कला एक रात्र गेली. पेटीत एकशे चाळीसच्या वर डिस्क आहेत, आणि मी रोज रात्री एक लावून झोपते.

परवा रविवारी त्यातलाच एक सिनेमा लावला. ही सीडी थिएटरच्या प्रिंटवरून केलेली असावी, कारण चित्रावर ओरखडे तसेच आहेत. मी आत कणीक मळत होते. बाहेरून बाबांचा आवाज आला, "मोटार."

बाहेर आले तर त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर उचललेला. सिनेमा चालूच होता, दोघं जण बैलगाडीतून चालले होते. मला वाटलं झोपेत बोलले. मग उजव्या कोपऱ्यात वर एक काळा ठिपका लुकलुकला, चार फ्रेम, आणि गेला.

"चेंज," बाबा म्हणाले, आणि हात खाली आणला. पडद्यावर दृश्य बदललं. रीळ संपत आलं की असे दोन ठिपके येतात: पहिल्याला दुसऱ्या मशीनची मोटार चालू करायची, दुसऱ्याला चित्र त्या मशीनवर न्यायचं. पुढच्या रिळाला मी स्टॉपवॉच लावून शेजारी बसले, पहिल्या ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत. सात सेकंद.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आता चाल बरोबर हाय."