पाताळात ओढून नेलेला पुतण्या

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत माझ्या मागेपुढे शल्यविशारद, अधिकारी आणि द्राक्ष बागायतदार यांची मनोगते असणार, हे ठाऊक असल्यामुळे आपण नेमके कोण म्हणून लिहावे, हा प्रश्न मला चार दिवस छळत होता. बँकेतून निवृत्त झालेला लेखापाल म्हणून लिहिण्यात काही राम नव्हता. अखेर ठरवले, की ज्यूल व्हर्नच्या ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ या १८६४ सालच्या कादंबरीतील ॲक्सेल म्हणून लिहावे, कारण शाळेतील पाच वर्षे मी प्रत्यक्षात तोच होतो.

ॲक्सेलची आणि माझी ओळख आपल्या ग्रंथालयातच झाली. व्हर्नच्या कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि आमच्या पिढीने त्यांचे मुखपृष्ठ उडेपर्यंत पारायण केले. वर्गातील निम्म्या मुलांना पाणबुडीवाला कॅप्टन नेमो व्हायचे होते. मला मात्र हॅम्बुर्गच्या प्राध्यापक लिडेनब्रॉकचा हा पुतण्या जवळचा वाटला. कारण तो शूर नाही, त्याला घरी बसायचे आहे, आणि पृथ्वीच्या पोटात उतरण्याविरुद्ध त्याच्यापाशी अत्यंत शास्त्रशुद्ध कारणे आहेत, जी कोणीही ऐकून घेत नाही.

आमचे लिडेनब्रॉक म्हणजे विज्ञानाचे सर. कुंडीतील रोपे लवकर वाढावीत म्हणून त्यांची पाने ओढणारा तो प्राध्यापक आणि तास सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधीच वर्गाच्या दारात खडू घेऊन उभे राहणारे आमचे सर, दोघे एकाच मातीचे. प्रयोगशाळेतील एका कपाटात त्यांनी दगड जमवले होते आणि प्रत्येकावर स्वतःच्या तिरप्या अक्षरात चिठ्ठी डकवली होती.

१९८० सालच्या जानेवारीत, मी नववीत असताना, एका शनिवारी त्यांनी फळ्यावर लिहिले : ‘सह्याद्री लाव्ह्याचा, तर ज्वालामुखीचे तोंड कोठे?’ उत्तर येईपर्यंत कोणीही डबा उघडायचा नाही, असे फर्मान सुटले. उत्तर मला माहीत होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या एखाद्या डोंगरातून उसळलेला नसून जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरला, त्यामुळे येथे तोंड शोधण्यात अर्थ नाही. परंतु जो उत्तर देईल त्याला सर दगड गोळा करायला डोंगरावर नेतात, हेही मला माहीत होते. कादंबरीत पृथ्वीच्या पोटात उतरण्याची वाट सांगणाऱ्या गुप्तलिपीची किल्ली ॲक्सेलला अचानक सापडते. कागदाने वारा घेताना मागच्या बाजूने उलटी अक्षरे वाचता येतात, आणि काका निघतील या भीतीने तो ती दडवून ठेवतो. पुढे भूक त्याला बोलते करते. माझा निश्चय शेजारच्या बाकाखालून ठेच्याचा वास येईपर्यंत टिकला. हरिश्चंद्रगडाच्या यादीत माझे नाव पहिले होते.

ज्या ज्वालामुखीतून पाताळात उतरायचे, तो आइसलँडमध्ये. त्या वाटेवर जहाजात पुतण्या ठणठणीत राहतो आणि काका आडवे होतात. आमच्याही सरांनी खुबी फाट्यापर्यंतचा एस.टी.चा प्रवास लिंबू हुंगत केला. तेवढाच काय तो माझा विजय. सोबत काका-पुतण्यांचा अबोल वाटाड्या हान्स याच्या जागी आमचे शिपाईमामा होते. हान्स भूगर्भातही दर शनिवारी न चुकता आपली मजुरी मागून घेतो. मामांनी भत्ता गाडीत पाय ठेवण्यापूर्वीच मोजून घेतला आणि त्यानंतर दोन दिवसांत ते बहुधा चार वाक्ये बोलले. तोलार खिंडीपुढच्या कातळावर त्यांनी मला ज्या सहजतेने वर घेतले, ती पोत्याच्या बाबतीत कौतुकास्पद ठरली असती.

पुढे कोकणकडा आला. कोपनहेगनमध्ये लिडेनब्रॉक पुतण्याला एका चर्चच्या मनोऱ्यावर, बाहेरून वळत जाणाऱ्या जिन्याने चढवतो आणि दरीची भीती मोडावी म्हणून हा धडा त्याच्याकडून सलग पाच दिवस गिरवून घेतो. आमच्या सरांनी एकाच दिवसात भागवले. कड्याच्या टोकाशी मला पालथे झोपवून मामांना माझे पाय धरायला सांगितले आणि खालच्या, आत वळलेल्या भिंतीतील लाव्ह्याचे थर मोजायला लावले. मी डोळे मिटून ‘सात’ म्हणालो. सरांनी वहीत काहीच लिहिले नाही, यावरून त्यांनी काय ते ओळखले, हे मला कळले. केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाणी आहे आणि चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तो पडला की जग बुडणार, असे लोक सांगतात. मी त्या खांबापासून दूर उभा राहिलो.

उतरताना खिंडीच्या खाली माझे पाणी संपले आणि मी ॲक्सेलसारखाच, म्हणजे मोठ्याने, कुरकुरू लागलो. भूगर्भातील काळोखात तहानेने कोसळलेल्या पुतण्यासाठी काकाने शेवटचा घोट राखून ठेवलेला असतो, हा प्रसंग मी तोवर निदान तीनदा वाचला होता. सरांच्या पिशवीतील बाटली दिवसभर उघडली गेली नव्हती, हे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. त्यांनी ती पुढे केली आणि म्हणाले, “पी. तेवढेच माझे ओझे कमी.”

त्याच पिशवीतून दुसऱ्या दिवशी एक दगड निघाला. थंड होत असलेल्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत पाण्यामुळे स्फटिक धरतात. तसा पेंढीच्या आकाराचा, फिकट गुलाबी स्टिल्बाइट. सरांनी तो मला अभ्यासासाठी दिला. १९८१ साली दहावी होऊन मी शाळा सोडली आणि भूगर्भाशी माझा पुढील संबंध बँकेच्या तळघरातील लॉकरपुरता उरला.

तो दगड आजवर माझ्या टेबलावर होता. चिठ्ठीवरील तिरपी अक्षरे पुसट झाली असली, तरी शेवटची ओळ वाचता येते : ‘आठ दिवसांत परत करणे.’ या मनोगतासोबत तो पाठवत आहे. कपाट अजून असल्यास कृपया दुसऱ्या खणात ठेवावा.