तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"चिलीतल्या त्या दुर्बिणीवर इतकी वर्षं होतीस, मग तू स्वतः काय शोधलंस?"

रामबागेतल्या काकू विचारतात, नवऱ्याचे मित्र विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं अनोळखी माणूसही विचारतं. इंदूरला परत आल्यापासून मी हा प्रश्न हसून टाळला, विषय बदलला, दोन-तीनदा तुटकही बोलले. आता एकदाच लिहून टाकते.

काहीच शोधलं नाही. मी रिसीव्हर थंड ठेवत होते.

दुर्बीण म्हटलं की लोकांना डोळा लावायची नळी आठवते. आत्या तर अजूनही विचारते, "तिथून चंद्र मोठा दिसत असेल ना गं?" आत्या, आल्मात, म्हणजे चिलीतल्या त्या माझ्या दुर्बिणीत, कुणीच कशाला डोळा लावत नाही. चाहनान्तोरच्या पठारावर, ५००० मीटर उंचीवर, ६६ अँटेना आहेत आणि त्या मिलिमीटरच्या आसपासच्या लांबीच्या लहरी टिपतात. हवेतली वाफ या लहरी वाटेतच गिळते, म्हणून अटाकामाचं वाळवंट आणि म्हणून इतकी उंची. या लहरींना दिवस-रात्रीचं फारसं पडलेलं नसतं, त्यामुळे भर दुपारीही निरीक्षण चालतं. रात्रभर तारे बघत बसायचो, हे चित्र डोक्यातून काढा.

प्रत्येक अँटेनाच्या पोटात रिसीव्हर, म्हणजे त्या लहरी पकडणारी यंत्रं, असतात आणि त्यांचा गाभा उणे २६९ अंशांपर्यंत उतरवावा लागतो. तापमान जरा वर चढलं की आतले सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात न अडवणारे भाग, सुपरकंडक्टर राहत नाहीत आणि ती अँटेना बहिरी होते. थंडावा येतो हेलियमच्या कंप्रेसरमधून. कंप्रेसर बिघडला की आम्ही वर.

वर राहायचं नसतं. झोपणं, जेवणं, कंट्रोल रूम, सगळं खाली २९०० मीटरवर. आठ दिवस काम, सहा दिवस सुट्टी. वर जायच्या आधी दवाखान्यात बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात, रक्तदाब बघतात. आकडा आवडला नाही तर त्या दिवशी खालीच बसायचं. वर हवेचा दाब इथल्या निम्म्याच्या जवळपास. नाकात ऑक्सिजनची नळी, पाठीवर बाटली, हातात जाड मोजे. आणि डोकं मंद चालतं, हे मात्र कुणाला पटत नाही. नट किती आवळायचा तो आकडा मी वाचला की जोडीदाराने तो मोठ्याने परत म्हणायचा, कारण कागदावरून पान्यापर्यंत नजर जाईतो आकडा निसटलेला असतो. पाना खाली पडला तर उचलायला वाकायचं आणि मग थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. यात रोमांचक काही नाही. एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं काम आहे, फक्त गच्ची फार उंच आहे.

आता ज्या संध्याकाळमुळे हे लिहायला बसले, ती सांगते.

१० एप्रिल २०१९. मी सुट्टीवर इंदूरलाच होते. कृष्णविवराचं पहिलं चित्र जाहीर होणार हे बाबांना मीच सांगितलं होतं आणि त्यांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं. साडेसहाला बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. कचोऱ्या आल्या होत्या, शिकंजी आली होती. पडद्यावर ते नारिंगी कडं आलं आणि टाळ्या पडल्या. शेजारचा एक जण म्हणाला, "भिया, ये तो धुंधला है." मी त्याला सांगत बसले की ते एम ८७ या आकाशगंगेच्या मधोमध आहे, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, आणि त्याचं वजन साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. एप्रिल २०१७ च्या मोहिमेत आठ दुर्बिणी होत्या आणि त्यांतल्या सात जणींनी एकाच वेळी त्याच्याकडे तोंड केलं होतं. आल्माच्या अँटेनांचे संदेश जुळवून त्यांची एकच मोठी अँटेना केली होती. विरळ हवेत साध्या हार्ड डिस्क दगा देतात म्हणून हेलियम भरून सीलबंद केलेल्या डिस्क वापरल्या होत्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत निघूच शकल्या नाहीत. तो म्हणाला, "अच्छा." आणि कचोरी घेतली.

त्या एप्रिलमध्ये मी तिथे होते. निरीक्षणाच्या आधल्या दिवशी एका कंप्रेसरचा दाब खाली सरकत होता, तो आम्ही बदलला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाबा फोटोकॉपीच्या दुकानात जाऊन शोधनिबंधाची नावांची पानं छापून घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले. नावं आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावलेली. माझं माहेरचं आडनाव बी वरून, सासरचं के वरून. बाबांनी आधी बी बघितलं. मग के. मग एक-एक ओळीवर पट्टी ठेवत शेवटपर्यंत गेले, मराठी माणसाच्या नावाचं इंग्रजीत काय होईल सांगता येत नाही म्हणून. झेड आला. त्यापुढे यादी पुन्हा ए पासून सुरू होत होती, जादा सहलेखकांची. बाबांचा चेहरा उजळला. "हे बघ, अजून आहेत." परत बी, परत के.

मी म्हटलं, "बाबा, राहू द्या. मी त्यात नसते."

"का? तू नव्हतीस तिथे?"

"होते."

मग भाच्याने शेवटची आभारांची ओळ शोधून दिली. तिथे सहभागी वेधशाळांच्या कर्मचाऱ्यांचे एकत्र आभार मानले आहेत. बाबांनी ती दोनदा वाचली. "यात तू आलीस?"

"आले."

"बिननावाची?"

तेव्हा मी त्यांना एक भाषण दिलं. विज्ञान हे सामूहिक काम असतं, लेखक होण्याचे नियम असतात, डेटाचं विश्लेषण करणारे वेगळे, यंत्र सांभाळणारे वेगळे, नावाचा सोस धरायचा नसतो. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "व्हाउचरवर मात्र प्रत्येकाची सही लागायची," आणि पानं घडी करून फायलीत ठेवली.

ते भाषण आजही मला पाठ आहे आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. नियम तसेच आहेत आणि रास्त आहेत. सगळ्या तंत्रज्ञांची, ड्रायव्हरची, स्वयंपाक्यांची नावं घालायची म्हटली तर यादी निबंधापेक्षा लांब होईल. पण ते भाषण देणारी बाई जरा जास्तच शांत आवाजात बोलत होती, एवढं मी आज तिला सांगेन. ती म्हणेल, मग काय रडायला हवं होतं कचोरीच्या डब्यांसमोर? तेही खरंच.

नाव नसण्याचा फायदाही असतो. सप्टेंबर २०२० मध्ये शुक्रावर फॉस्फिन, म्हणजे जीवसृष्टीची खूण असू शकणारा वायू, सापडल्याची बातमी आली, तेव्हा अभिनंदनाचे फोन मलाच आले. पुढे आल्माच्या त्या डेटाच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मोजमाप जुळवून घेण्यात, दोष निघाला, डेटा पुन्हा तयार केला, तर तो संकेत बराच फिका पडला. वाद अजून मिटलेला नाही. त्यावर मात्र मला कुणी जाब विचारला नाही.

आणि खरं सांगू, जे सापडलं ते बघून माझा ऊर भरून येतो, नाव असो-नसो. २०१२ मध्ये सूर्यासारख्या एका कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या वायूत ग्लायकोलाल्डिहाइड हा साखरेच्या जातीचा साधा रेणू सापडला, तेव्हा तर आल्माचं बांधकामही पुरं झालेलं नव्हतं. २०१४ मधलं एचएल टाउरी या ताऱ्याचं चित्र मी कितीतरी दिवस फोनवर ठेवलं होतं: ताऱ्याभोवती धुळीची तबकडी आणि तिच्यात काळ्या रेघा, बहुधा ग्रह तयार होताना पडलेल्या. तारा दहा लाख वर्षांचाही नाही. इतक्या लवकर ग्रह घडायला लागत असतील, असं आधी फारसं कुणी धरून चाललं नव्हतं. हे मी शोधलं नाही. पण गरम रिसीव्हरने ते कुणालाच दिसलं नसतं.

हे वाचून काकू म्हणतील, म्हणजे तुला श्रेय हवं होतं तर. हवं होतं. मागायला गेले असते का? नाही. या दोन्हींचं एकमेकांशी जमत नाही, हे मलाही कळतं.

मे २०२२ मध्ये आपल्याच आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं चित्र आलं. डेटा त्याच एप्रिल २०१७ चा. त्या वेळी बाबांना मी काही सांगितलं नाही. रात्री लॅपटॉप उघडून बी पाहिला, के पाहिला, आणि पुढे यादी परत ए पासून सुरू होते का, तेही पाहिलं.