हानयांगच्या काठावरचे रूळ

रात्री शहराचा आवाज मंदावला की आमच्या घरात पुलावरून जाणाऱ्या गाडीचा खडखडाट ऐकू येतो. आधी एक लांबलचक घरघर, मग पोलादी सांगाड्यात घुमणारे ठोके आणि पाठोपाठ पुन्हा शांतता. वुहानच्या हानयांग भागात राहायला आल्यावर सुरुवातीला या आवाजाने मला जाग येत असे. आता तो आवाज आला नाही तरच चुकल्यासारखे वाटते. वुहान म्हटले की आपल्याकडे 2020 सालच्या बातम्या आठवतात, हे मला ठाऊक आहे. परंतु या शहराला स्वतःची फार मोठी कहाणी आहे आणि त्या कहाणीचा एक महत्त्वाचा धागा, म्हणजे रेल्वे आणि तिचा पूल, माझ्या घरामागच्या टेकडीपाशी येऊन बांधला गेला आहे, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आधी जागा समजून घ्यावी लागेल. यांगत्से नदी, जिला इथे सगळे ‘छांगच्यांग’ म्हणजे लांब नदी म्हणतात, ती या शहराच्या मधून वाहते. तिच्या उजव्या काठावर वुछांग आहे. डाव्या काठावर हान नदी येऊन तिला मिळते आणि त्या संगमाच्या उत्तरेला हान्खौ, तर दक्षिणेला आमचे हानयांग, अशी ही तीन नगरे मिळून वुहान झाले आहे. हान नदी पूर्वी आमच्या टेकडीच्या दक्षिणेकडून वाहत असे. पंधराव्या शतकात तिने पात्र बदलले आणि तेव्हापासून हान्खौ हानयांगपासून तुटले. पुढे हान्खौ व्यापाराने गजबजले, वुछांग हे राज्यकारभाराचे आणि विद्येचे ठिकाण राहिले, आणि हानयांगच्या वाट्याला कारखाने आले.

त्या कारखान्यांमुळेच रेल्वेच्या कहाणीची सुरुवात हानयांगपासून करावी असे मला वाटते. चांग चि-तुंग या प्रांताधिपतीने येथे पोलादाचा कारखाना उभारला आणि 1894 मध्ये त्याच्या भट्ट्या पेटल्या. चीनच्या रेल्वेसाठी लागणारे रूळ चीनमध्येच बनावेत, हा त्याचा आग्रह होता. लोखंडाचे खनिज जवळच्या ताये येथील खाणींतून मिळत होते, पण त्यात फॉस्फरसचे प्रमाण जास्त होते, आणि इंग्लंडहून आणलेल्या यंत्रांत फॉस्फरस काढून टाकण्याची सोय नव्हती. इथेच घोडे पेंड खात होते, कारण अशा पोलादाचे रूळ ठिसूळ निघत. 1904 नंतर खनिजाचे नमुने इंग्लंडला तपासून घेऊन वेगळ्या प्रकारच्या भट्ट्या बसवण्यात आल्या, तेव्हा कुठे रुळांचा दर्जा सुधारला. चांग चि-तुंगच्या नावाचे एक संग्रहालय आता हानयांगमध्ये आहे. तिथे त्या काळातले रूळ पाहताना मी बराच वेळ थबकले होते, कारण आपल्या देशाची रेल्वे आपल्याच पोलादाची असावी, या हट्टापायी सोसलेले एवढे अपयश सहसा कोणी लक्षात ठेवत नाही.

रूळ तयार होत होते, पण नदी आडवी होती. पेकिंगहून (आजचे बीजिंग) दक्षिणेकडे येणारा लोहमार्ग 1906 मध्ये हान्खौपर्यंत पोहोचला. तो बांधण्यासाठी बेल्जियमचे कर्ज घेतले होते. कँटनहून (आजचे ग्वांगझू) उत्तरेकडे वुछांगला येणारा मार्ग मात्र रखडत रखडत 1936 मध्ये पूर्ण झाला. म्हणजे तीस वर्षांच्या अंतराने देशाच्या दोन टोकांकडून दोन लोहमार्ग एकाच नदीच्या दोन काठांवर येऊन थांबले. 1937 पासून रेल्वेचे डबे वाहून नेणारी बोट सुरू झाली. गाडी काठावर आली की तिचे डबे सोडवायचे, बोटीवरच्या रुळांवर ढकलायचे, पैलतीरी उतरवून पुन्हा जोडायचे आणि मगच पुढे निघायचे. दाभोळच्या खाडीत मोटारी पलीकडे नेणारी फेरीबोट ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी तिच्या जागी मालगाडीचे डबे आहेत अशी कल्पना करून पाहावी, आणि खाडीच्या जागी पावसाळ्यात लालसर गढूळ होऊन वाहणारे, एक किलोमीटरहून अधिक रुंदीचे पात्र.

त्याच काळात, सप्टेंबर 1938 च्या अखेरीस, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे भारतीय वैद्यकीय पथकातून हान्खौला आले होते. जपानी सैन्य शहराच्या जवळ येऊन ठेपले होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस वुहान पडले. त्याआधीच हे पथक पश्चिमेकडे निघाले होते. हानयांगच्या पोलाद कारखान्याची यंत्रेही त्याच वर्षी सुटी करून नदीमार्गे चुंगकिंगला हलवण्यात आली. हान्खौच्या घाटावर उभी राहिले की मला त्या महिन्यातली धांदल डोळ्यांसमोर येते: एकीकडे जखमी माणसे, दुसरीकडे कारखान्याचे लोखंड, आणि दोघांनाही वाट एकच, ती म्हणजे ही नदी.

पुलाचे आराखडे 1913 पासून अनेकदा झाले होते, परंतु युद्धे आणि पैशाची चणचण यांमुळे प्रत्येक वेळी ते कागदावरच राहिले. प्रत्यक्ष बांधकाम 1 सप्टेंबर 1955 रोजी सुरू झाले. जागा निवडली ती हानयांगची क्वेशान, म्हणजे कासव टेकडी, आणि समोर वुछांगची शशान, म्हणजे साप टेकडी, यांच्या मधली. इथे दोन्ही बाजूंना उंच खडक असल्याने पूल आपोआप उंचावर राहतो आणि खालून जहाजे जाऊ शकतात. खरी अडचण पाण्याखाली होती. त्या काळच्या रूढ पद्धतीत तळाशी बंदिस्त पेटी उतरवून, तिच्यात दाबाखाली हवा भरून मजुरांनी खोदकाम करायचे असे. परंतु इथे पुराच्या दिवसांत पाणी इतके खोल असते की तेवढ्या दाबात माणूस फार थोडा वेळ तग धरू शकतो आणि वर आल्यावर त्याच्या प्रकृतीला गंभीर धोका असतो. शिवाय पाणी उतरलेले असतानाचे थोडेच महिने कामाला मिळाले असते.

सोव्हिएत अभियंते कॉन्स्टन्टिन सिलिन यांनी वेगळा मार्ग सुचवला. काँक्रीटच्या 1.55 मीटर व्यासाच्या पोकळ नळ्या नदीच्या तळापर्यंत उतरवायच्या, त्यांच्यातून खडकाला भोक पाडायचे आणि मग आत काँक्रीट भरून नळी खडकात रुतवून टाकायची. असे केल्याने माणसाला पाण्याखाली उतरावे लागत नाही आणि काम बारमाही चालते. ही पद्धत तेव्हा नवी होती, म्हणून ती आधी काठावर आणि पाण्यात करून पाहण्यात आली. तांत्रिक सल्लागार समितीचे प्रमुख होते माओ यी-शंग. त्यांनी हांगचौजवळ छ्येनथांग नदीवर बांधलेला पूल 1937 मध्ये जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून उडवून द्यावा लागला होता. स्वतः बांधलेला पूल त्याच वर्षी आपल्याच हातून उद्ध्वस्त झालेला पाहिलेल्या माणसाला हा दुसरा पूल उभा राहताना काय वाटले असेल, हा विचार पुलावरून चालताना माझी पाठ सोडत नाही.

15 ऑक्टोबर 1957 रोजी पूल खुला झाला. त्याची एकूण लांबी 1670 मीटर असून नदीवरचा मुख्य भाग 1156 मीटरांचा आहे. पाण्यात आठ खांब आहेत आणि दोन आधारांमधले 128 मीटरांचे नऊ गाळे आहेत. वरच्या मजल्यावर मोटाररस्ता आणि पदपथ, खालच्या मजल्यावर दुहेरी लोहमार्ग, अशी रचना आहे. कठड्यांच्या ओतीव जाळ्यांवर पशुपक्षी आणि फुले कोरलेली दिसतात. शाळकरी मुले त्यांतले एकेक चित्र ओळखत चालतात. त्याआधी 1954 मध्ये हान नदीवर रेल्वेपूल झाला होता, त्यामुळे हान्खौहून निघालेली गाडी तो ओलांडून हानयांगमध्ये शिरते, टेकडीला वळसा घालते आणि मोठ्या पुलावर चढते. उत्तरेचा आणि दक्षिणेचा लोहमार्ग असा हानयांगमध्ये सांधला गेला आणि दोन्हींचा मिळून पेकिंग-कँटन मार्ग झाला.

या पुलाने एक किंमतही घेतली आहे. वुछांगच्या काठावरचा प्रसिद्ध पीत क्रौंच मनोरा 1884 मध्ये जळाला होता, आणि त्याची जुनी जागा पुलाच्या जोडरस्त्याने व्यापली. आज दिसणारा मनोरा 1985 मध्ये मूळ ठिकाणापासून सुमारे एक किलोमीटर आत बांधलेला आहे. शतकानुशतके कवी जिथे उभे राहून नदी पाहत, तिथे आता वाहने वळतात. हा बदल मला खटकतो आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे, जरी पुलासाठी दुसरी योग्य जागा सहज सुचत नसली तरी.

आता नदीवर कितीतरी पूल आहेत. हानयांगहूनच 2014 मध्ये नारिंगी-तांबड्या रंगाचा यिंगवूचौ झुलता पूल निघाला आणि 2019 मध्ये 1700 मीटरांचा एकच मोठा गाळा असलेला यांगसिकांग पूल. मेट्रोची चौथी मार्गिका तर नदीच्या तळाखालून वुछांगला जाते. अनेक अतिवेगवान गाड्या वुहान नावाच्या स्थानकावरून सुटतात, जे 2009 मध्ये सुरू झाले आणि हानयांगपासून बरेच दूर आहे. तरीही हान्खौ आणि वुछांग या स्थानकांमधल्या गाड्या अजून जुन्याच पुलावरून जातात.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम तसे तिकीट काढले. मेट्रोने गेले असते तर वेळही वाचला असता आणि पैसेही. गाडी हान्खौहून हळू निघाली, हान नदीवरचा पूल आला, मग घरांच्या गच्च्या, वाळत घातलेल्या रजया, आणि नंतर टेकडीची हिरवी कड. माझ्या घरावरूनच ती जात होती, पण हानयांगला थांबली नाही. शेजारच्या आजोबांनी नातवाला खिडकीशी उभे केले आणि पुलावर चढताच दोघे मिळून पोलादी तुळया मोजू लागले. खाली फेरीबोट वुछांगच्या घाटाकडे वळत होती. मुलाची मोजणी मध्येच चुकली, तेव्हा आजोबा म्हणाले, राहू दे, परत येताना पुन्हा मोजू.