न पाहिलेल्या मातीचा नकाशा

मातीचा नकाशा काढायला निघालेल्या माणसाने आधी एक साधा हिशेब करून पाहावा. सात सेंटिमीटर व्यासाच्या गिरमिटाने पाडलेल्या छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर भरते. दर १० हेक्टरांमागे असे एक छिद्र पाडले, तरी प्रत्यक्ष पाहिलेली जमीन एकूण जमिनीच्या अडीच कोटीव्या हिश्श्याहून कमीच असते. बाकी सगळी जमीन आपण न पाहता रंगवतो. रस्ते, इमारती, नद्या वरून दिसतात, त्यामुळे त्यांचा नकाशा काढणाऱ्याला निदान आपण काय काढतो आहोत हे ठाऊक असते. माती मात्र स्वतःच्याच पृष्ठभागाखाली झाकलेली असते. म्हणून तिच्या नकाशावरची प्रत्येक सीमारेषा हे अनुमान असते, आणि ते कशाच्या आधाराने बांधले यावर नकाशाची लायकी ठरते. माझ्या मते तो आधार म्हणजे भूरूपाचे वाचन. नमुन्यांची संख्या आणि संगणकाची ताकद या गोष्टी त्यानंतर येतात. हे मला पटायला बराच काळ गेला, आणि पटले तेही एक चूक झाल्यावर.

माती म्हणजे झिजलेला खडक, एवढीच समजूत असती तर भूगर्भाचा नकाशा पुरला असता. रशियातील मृदाशास्त्रज्ञ वसिली दोकुचायेव यांनी स्टेप या गवताळ प्रदेशातील काळ्या मातीचा, म्हणजे चेर्नोझेमचा, अभ्यास १८८३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात माती ही हवामान, वनस्पती व जीवजंतू, मूळ द्रव्य, उंचसखलपणा आणि काळ यांच्या एकत्रित क्रियेतून घडलेली स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, ही दृष्टी मांडली. पुढे मृदाशास्त्रज्ञ हान्स येनी यांनी १९४१ मध्ये हेच पाच घटक एका सूत्ररूप चौकटीत बसवले. त्या चौकटीचा खरा उपयोग आकडेमोडीपेक्षा जागा निवडण्यात आहे: चार घटक शक्यतो सारखे असतील आणि एकच बदलत जाईल अशी जागा शोधायची, म्हणजे त्या एका घटकाचा परिणाम सुटा दिसतो. उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण मैदानांत पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस वाढत जातो, तसतसा मातीतील चुन्याचा थर खोल खोल जातो, हे येनी यांनी अशाच पद्धतीने दाखवले होते. पाणी जिथपर्यंत मुरते, साधारण तिथेच विरघळलेला चुना पुन्हा साचतो. एवढे साधे कारण, पण ते हाती आले की छिद्र न पाडताही थराच्या खोलीचा अंदाज बांधता येतो.

एवढा मोठा प्रदेश सोडून एकाच टेकडीवर आलो की हवामान जवळजवळ स्थिर राहते आणि सूत्रे उताराच्या हाती जातात. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये यासाठी ‘कॅटिना’ हा लॅटिन शब्द वापरला. त्याचा अर्थ साखळी. दोन टोकांना धरून सैल सोडलेल्या साखळीसारखा टेकडीचा आकार, आणि तिच्या कड्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या माती. माथ्यावर माती बहुधा पातळ किंवा मध्यम, निचरा चांगला. उताराच्या कुशीत, जिथे चढ सर्वांत तीव्र असतो, तिथे धूप जास्त, त्यामुळे खडक वर डोकावतो. पायथ्याशी वरून घरंगळलेले आणि वाहून आलेले द्रव्य साचते, म्हणून थर जाड. अगदी तळाला पाणी तुंबते, हवा पोहोचत नाही, लोहाचे क्षपण होते, म्हणजे त्याच्या गंजातला ऑक्सिजन निघून जातो, आणि वरची तांबूस किंवा पिवळसर छटा जाऊन माती करडी होते. पाण्याची पातळी वरखाली होणाऱ्या पट्ट्यात त्या करड्या रंगात गंजाचे ठिपके दिसतात. या चार माती परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, कारण वरच्या मातीने गमावलेले पाणी, चिकण कण आणि क्षार हेच खालच्या मातीचे भांडवल असते.

माझी चूक अशाच एका उतारावर झाली. क्षेत्र मोठे होते, हाती वेळ कमी होता, आणि मी दोनशे मीटर अंतराची चौकोनी जाळी आखून तिच्या छेदबिंदूंवर नमुने घेतले. कागदावर ही मांडणी अत्यंत निःपक्षपाती दिसते. टेकड्यांमधला ओलसर तळ मात्र जेमतेम साठ मीटर रुंद होता, आणि माझा एकही बिंदू त्यात पडला नाही. नकाशा तयार झाला तेव्हा त्यावर एका उतारावरून समोरच्या उतारावर तांबूस, उत्तम निचऱ्याची माती सलग पसरलेली होती. गणितात कुठेही दोष नव्हता. जे पाहिलेच नाही ते गणिताने भरून काढले होते, इतकेच. नकाशा घेऊन प्रत्यक्ष जागेवर फिरताना लव्हाळ्याची दाट पट्टी आडवी आली आणि बूट घोट्यापर्यंत रुतले, तेव्हा मला तो दोष कळला. आता मी पहिला दिवस गिरमीट न उचलता फक्त चालण्यात घालवतो, आणि शक्यतो पाण्याच्या वाटेने चालतो.

टेकडीवर शिकलेला नियम नदीच्या पूरमैदानात मात्र जवळपास निरुपयोगी ठरतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तिथे उंचीचा फरक हातभर असतो, पण तेवढ्यानेच सारे ठरते. पूर पात्राबाहेर पडतो तेव्हा पाण्याचा वेग एकदम कमी होतो, जड वाळू व रेती काठालगतच पडते आणि तिथे थोडा उंच नैसर्गिक बांध तयार होतो. बारीक चिकण कण मात्र तरंगत दूरच्या सखल भागात जाऊन शांत पाण्यात बसतात. त्यामुळे काठाला हलकी आणि मागे भारी माती हा क्रम सापडतो. शिवाय नदी पात्र बदलते. जुने पात्र गाळाने भरून वरून सपाट दिसू लागते, पण त्याची वाळू खाली तशीच असते. अशा ठिकाणी छेदात दिसणारे थर हे मातीच्या घडणीतून आलेले आहेत की एकेका पुराने आणून टाकलेले आहेत, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. एकावर एक असलेल्या दोन थरांची सीमा सुरीने कापल्यासारखी तीक्ष्ण असेल आणि खालच्या थरात वरच्यापेक्षा सेंद्रिय कर्ब (कार्बन) अधिक असेल, तर ती बहुधा पुराखाली गाडली गेलेली जुनी जमीन असते.

इतर भूरूपांविषयी थोडक्यात सांगतो. शेवटच्या हिमयुगातील हिमचादरींनी झाकलेल्या प्रदेशांत माती तरुण असते, तिचे वय साधारण दहा-पंधरा हजार वर्षांच्या घरात, आणि हिमनदीने दगड, वाळू व चिकणमाती यांचा जो सरमिसळ ढीग सोडला त्यामुळे काही पावलांवर पोत बदलतो. उलट उष्ण प्रदेशांतील जुन्या पठारांवर लोहयुक्त कठीण कवच माथ्यावर सापडते, कारण एकेकाळी सखल भागात साचून घट्ट झालेला तो थर झिजेला पुरून उरला आणि भोवतालची जमीन खाली गेली. तिथे आजच्या उतारावरून मातीचा अंदाज बांधणारा हमखास फसतो. कोरड्या खोलगट प्रदेशांत पाणी येते पण बाहेर जात नाही, तिथेच वाफ होऊन उडते, म्हणून क्षार पृष्ठभागावर येतात, आणि त्यांचे प्रमाण ऋतूनुसार बदलते.

छिद्रात किंवा खड्ड्यात काय पाहायचे, यावर एक स्वतंत्र लेख होईल. मातीचा पोत अजूनही मी आधी बोटांनी पाहतो: ओल्या मातीचा गोळा अंगठा व तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढायची, पट्टी जितकी लांब निघेल तितका चिकण अंश जास्त, वाळू खरखरते, गाळाचे कण टाल्कम पावडरसारखे गुळगुळीत लागतात. रंग मनसेल रंगपुस्तिकेशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या रंगांच्या नमुन्यांशी, ताडून ओल्या मातीवरच नोंदवावा, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फसफसते का ते पाहावे, म्हणजे मुक्त चुना आहे की नाही ते लगेच कळते. या साध्या कृतींतून मिळणारी माहिती प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा ओबडधोबड असते हे खरे, पण ती जागेवर मिळते, आणि पुढचे छिद्र कुठे पाडायचे हा निर्णय जागेवरच घ्यायचा असतो.

प्रयोगशाळेच्या आकड्यांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. ते आकडे दिसतात तितके परस्परांशी तुलना करण्याजोगे नसतात. गाळ आणि वाळू यांच्यातील सीमा एका पद्धतीत ०.०५ मिलिमीटर, दुसरीत ०.०६३, तर तिसरीत ०.०२ मिलिमीटर धरतात. सामू (पीएच) पाण्यात मोजला की कॅल्शियम क्लोराईडच्या विरल द्रावणात, यावर अर्ध्या एककाचा किंवा त्याहूनही अधिक फरक पडतो. वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीत सर्व सेंद्रिय कर्बाचे ऑक्सिडीकरण होत नाही, म्हणून उत्तराला सुमारे १.३ ने गुणण्याची रीत आहे. जुन्या नोंदींत तो गुणाकार केला होता की नव्हता, हे कळायला मार्ग नसतो. कर्बाचा साठा काढताना तर टक्केवारी एकटी काहीच सांगत नाही. वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये १ टक्का कर्ब आणि स्थूल घनता, म्हणजे पोकळ्यांसह मातीची घनता, १.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असेल, तर हेक्टरी ३९ टन कर्ब निघतो. त्याच मातीच्या आकारमानात ३० टक्के दगडगोटे असतील आणि बारीक मातीची घनता तीच असेल, तर तो २७ टनांवर येतो. दगड चाळणीत वेगळे काढून फेकून देणारा आणि त्यांची नोंद न ठेवणारा सर्वेक्षक कर्बाचा नकाशा किती फुगवतो, हे यावरून दिसेल.

बिंदूंवरून क्षेत्राकडे जाण्याची एक वाट सोन्याच्या खाणीतून आली आहे. दक्षिण आफ्रिकेतील डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये खाणीतील मोजक्या नमुन्यांवरून सोन्याचे प्रमाण अधिक नेमके अंदाजण्याची पद्धत मांडली, फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ यांनी तिला गणिताची बैठक दिली आणि तिला क्रिगिंग हे नाव मिळाले. जवळच्या दोन जागा दूरच्या दोन जागांपेक्षा एकमेकींसारख्या असतात, आणि हे साम्य अंतराबरोबर किती वेगाने ओसरते ते आलेखाने मोजता येते, हा तिचा गाभा. त्या आलेखाला शून्य अंतरावरही जी उडी दिसते तिला ‘नगेट’ म्हणतात. सोन्याचा गोळा एका नमुन्यात सापडावा आणि शेजारच्यात सापडू नये, त्यावरून हे नाव पडले. मातीत सोने नसले तरी नगेट असतोच: एखादे कुजलेले मूळ, मुंगीचे वारूळ, मोजमापातील चूक. साम्य ओसरण्याचे अंतर शंभर मीटर असेल आणि नमुने पाचशे मीटरवर असतील, तर क्रिगिंगचा नकाशा गुळगुळीत व देखणा येतो, पण बिंदूंच्या मधल्या जागांबद्दल तो सरासरीपलीकडे फारसे काही सांगत नाही.

दुसरी वाट भूरूपालाच संगणकात आणते. २००३ मध्ये मृदाशास्त्रज्ञ मॅकब्रॅटनी व सहकाऱ्यांनी येनी यांच्या पाच घटकांत आधीची मृदामाहिती आणि जागेचे स्थान यांची भर घालून सात घटकांची चौकट मांडली. उंचीच्या डिजिटल प्रतिमानातून (मॉडेलमधून) उतार, वक्रता, ओलाव्याचा निर्देशांक काढायचा, उपग्रहचित्रांतून वनस्पती घ्यायची आणि या साऱ्यांचा छिद्रांतील मातीशी संबंध रँडम फॉरेस्टसारख्या, उदाहरणांवरून शिकणाऱ्या पद्धतीने संगणकाला शिकवायचा. नेदरलँड्समधील आयएसआरआयसी ही संस्था याच मार्गाने साऱ्या जगाचे मृदागुणधर्म २५० मीटरच्या चौकटींत आणि दोन मीटर खोलीपर्यंत देते, तेही अनिश्चिततेसह. त्यातली एक चौकट सव्वासहा हेक्टरांची असते. माझा साठ मीटरचा ओलसर तळ तीत सहज विरघळून जाईल. हा त्या कामाचा दोष नाही. जगाच्या नकाशाला एखाद्या वावराचे प्रश्न विचारणाऱ्याचा तो दोष आहे.

अचूकतेचे दावे वाचताना मी एक गोष्ट आधी शोधतो: तपासणीचे बिंदू कुठून आले? नमुने बहुधा रस्त्याच्या कडेने घेतलेले असतात, आणि त्यांतलेच काही बाजूला ठेवून प्रतिमान तपासले तर निकाल चांगलाच येणार, कारण तपासणीचा बिंदू शिकवलेल्या बिंदूचा शेजारी असतो. साऱ्या क्षेत्रातून यादृच्छिक निवडीने घेतलेले वेगळे बिंदू नेहमीच अधिक कष्टाचे पडतात, कारण त्यांतले काही काटेरी झुडपांत येतात आणि काही दलदलीत.

आणखी एक अडचण काळाची. इंग्लंडमधील होम फेन येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पाणी काढून टाकण्याच्या वेळी एक लोखंडी खांब पीट मातीत, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, पूर्ण पुरला गेला होता, त्याचे टोक जमिनीच्या पातळीला होते. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे. पाणी गेले, पीट आकसले, हवा लागून कुजले आणि जमीनच खाली गेली. अशा जागेचा पन्नास वर्षांपूर्वीचा खोलीचा नकाशा आज वापरणारा माणूस अस्तित्वात नसलेल्या मातीचे नियोजन करत असतो. पोत शतकभर टिकतो, सामू काही वर्षांत सरकतो, नत्र व ओलावा आठवड्यांत. तरी आपण हे सारे एकाच पानावर, एकाच तारखेखाली छापतो.

त्या ओलसर तळाकडे मी नंतर परत गेलो. या वेळी जाळी न आखता तळाला आडव्या तीन रेषा धरल्या आणि प्रत्येक रेषेवर दहा-दहा मीटरला छिद्र पाडत गेलो. करडा रंग एका काठाला सत्तर सेंटिमीटरवर लागला, मध्यभागी वीसवर, आणि पलीकडच्या काठाला मात्र तो कुठे संपतो ते तीन रेषांवर तीन वेगळ्या ठिकाणी आले. तिथे एक झरा पाझरत असावा असा माझा तर्क आहे. नव्या नकाशात अलीकडची सीमा अखंड रेघेने काढली आहे, पलीकडची तुटक रेघेने, आणि तुटक रेघेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटरचा पट्टा फिकट ठेवला आहे.